अंधाराला बंदोबस्त हवा

मा. वनमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.



एप्रिल सरत आला आहे. आणखी तीन-चार आठवड्यांनी वळवाच्या दोन-तीन सरी पडतील, भंडारदऱ्याच्या जलाशयाभोवतीची माती भिजेल आणि हिरड्या-सादड्याच्या झाडांवर काजवे चमकायला लागतील. त्यांच्या पाठोपाठ गाड्या येतील. मुंबईच्या, ठाण्याच्या, पुण्याच्या. आमचं नाशिक तर तिथून दीड-दोन तासांवर. शनिवारची गर्दी एकदा शेंडी गावाच्या चौकात येऊन अडकली की तिथल्या वनरक्षकांना आणि पोलिसांना गाड्या मागे-पुढे करण्यापलीकडे काही करता येत नाही. म्हणून हे पत्र हंगामाच्या आधी लिहिते आहे.

मागणी आधी सांगते, कारणं नंतर. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात आणि जलाशयाच्या काठाने रात्री किती तंबू लागावेत, किती गाड्या आत जाव्यात आणि किती उजेड असावा, यावर मर्यादा घाला. आणि ती मर्यादा ठरवायचं, पाळून घ्यायचं काम आणि त्यातून येणारा पैसा काठावरच्या गावांकडे द्या. दोन्ही एकदम. नुसतं पहिलं केलंत तर ती बंदी होईल, नुसतं दुसरं केलंत तर भंडारदऱ्याचा पवना होईल. मावळात पवना धरणाच्या काठाला शनिवारी रात्री एकदा उभं राहून बघा. तंबूला तंबू लागलेले, रंगीत दिव्यांच्या माळा, एका शिबिराच्या स्पीकरवर एक गाणं आणि शेजारच्या शिबिरात दुसरं. पाणी तिथेही आहे, डोंगरही आहेत. रात्र तेवढी उरलेली नाही.

तंबूची मला मुळात हौस आहे हेही सांगून टाकते, नाहीतर या बाईला पर्यटकच नकोत असा आपला समज व्हायचा. पर्यटक म्हणजे मीच. भातकापणी उरकली की काठच्या गावांतली खाचरं मोकळी होतात. ओळखीच्या घरी आधी निरोप द्यायचा, त्यांच्या बांधाशेजारी तंबू ठोकायचा, त्यांच्याच चुलीवरची नाचणीची भाकरी आणि जे काही कालवण असेल ते जेवायचं. रात्री कुठूनतरी रातवा टकटक करत राहतो. पहाटे तंबूचं कापड दवाने जड झालेलं असतं आणि जलाशयावरचं धुकं हटता हटता पलीकडे रतनगडाचं नेढं दिसायला लागतं. कळसूबाई म्हणजे राज्यातलं सर्वांत उंच शिखर, १६४६ मीटर; पण काठावरून ती अशी काही घरगुती वाटते की उंचीचा आकडा खरा वाटत नाही. यातलं थोडंफार हॉटेलच्या सज्जातूनही दिसतं. पण शहरातल्या पोरांना खरा काळोख कसा असतो, त्यात डोळे हळूहळू कसे सरावतात आणि मग चांदण्यांच्या उजेडात पायवाट कशी दिसायला लागते, हे कळायला जमिनीवरच झोपावं लागतं. तंबू बंद झाले तर हे शिक्षणही बंद होईल, आणि पुढच्या पिढीत जंगलाची बाजू घेणारी माणसं मिळणार कुठून?

आता अडचण कुठे आहे ते सांगते. हा काठ कुणाचा, असं विचारलं तर तीन उत्तरं मिळतात. पाण्याची पातळी उतरल्यावर उघडी पडणारी जमीन जलसंपदा विभागाची. तिच्या वर लोकांच्या मालकीची खाचरं. त्यांच्या वर आणि मधे मधे आपलं अभयारण्य, १९८६ साली जाहीर झालेलं, सुमारे ३६१ चौरस किलोमीटरचं. तंबू लागतात ते मुख्यतः पहिल्या दोन जागांवर. वनरक्षकाला खासगी खाचरातल्या स्पीकरला हात लावता येत नाही. जलसंपदेला मतलब पाण्याशी. पर्यटन विभागाचं २०२१ चं साहसी पर्यटन धोरण कागदावर आहे, पण धोरण काही रात्री अकरा वाजता कुणाच्या बांधावर येऊन उभं राहत नाही. काजव्याला मात्र सातबारा वाचता येत नाही. तो अभयारण्यातल्या सादड्यावरून उठतो आणि खाचराच्या कडेच्या जांभळीवर जाऊन बसतो.

त्या काजव्याबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण सगळ्या भांडणाचं मूळ तिथे आहे. हा भुंग्यांच्या गटातला कीटक. आपण बघतो ती त्याच्या आयुष्याची शेवटची दोन-तीन आठवड्यांची गोष्ट. त्याआधीचे कित्येक महिने तो अळी होऊन पालापाचोळ्याखाली, ओलसर मातीत काढतो. ही अळी शिकारी असते. गोगलगायीला चावून ती आधी लुळी करते आणि मग सावकाश खाते. प्रौढ झाल्यावर मात्र बऱ्याच जातींचे काजवे जवळजवळ काहीच खात नाहीत. उरलेल्या दिवसांत जोडीदार शोधायचा आणि अंडी घालायची, एवढंच काम. पोटाच्या टोकाशी ल्युसिफेरिन नावाचं द्रव्य, ल्युसिफरेज हे विकर आणि ऑक्सिजन यांची क्रिया होते आणि उजेड पडतो, ज्यात उष्णता नसल्यातच जमा. नर ठरावीक अंतराने चमकतो. मादी बहुधा खाली, गवतात नाहीतर झुडपात बसून ते पाहत असते. चमक पटली तर ती उत्तरादाखल स्वतः चमकते. भंडारदऱ्याला जे बघायला लोक येतात ते म्हणजे एकाच झाडावर जमलेल्या असंख्य नरांचं एका लयीत पेटणं आणि विझणं. अख्खं झाड श्वास घेतंय असं वाटतं, आणि ते वाटणं दोन-तीन मिनिटांत अंगावर येतं.

हा सगळा व्यवहार उजेडाच्या खुणांवर चालतो. त्यात गाडीचा हेडलाइट पडला, पाचशे वॉटचा हॅलोजन लागला किंवा कुणी मोबाइलचा टॉर्च झाडावर मारला, तर लग्नात सनई चालू असताना शेजारी डीजे लावल्यासारखं होतं. सनई वाजत असते, ऐकू मात्र कुणालाच येत नाही आणि थोड्या वेळाने सनईवाला कंटाळून थांबतो. उजेडात नर कमी चमकतात, मादी उत्तर देत नाही, जोड्या जमत नाहीत. हंगाम आधीच दोन-तीन आठवड्यांचा. त्यातले शनिवार-रविवार असे गेले तर त्या जिवांकडे उरतं काय? आणि यातली मोठी गोम अशी की नुकसान त्या वर्षी दिसत नाही. झाड त्या रात्रीही लखलखतंच. जी अंडी घातली गेली नाहीत त्यांची उणीव पुढच्या किंवा त्याच्याही पुढच्या वर्षी कळते, तोवर शिबिराचा मालक बदललेला असतो, अधिकाऱ्याची बदली झालेली असते आणि गावात म्हणतात, यंदा पाऊस उशिरा झाला म्हणून काजवे कमी.

जगभरातल्या काजवे-अभ्यासकांची मतं गोळा करून २०२० साली एक पाहणी प्रसिद्ध झाली. काजव्यांपुढच्या धोक्यांत सर्वांत वर होता अधिवासाचा नाश, आणि त्याच्यापाठोपाठ रात्रीचा कृत्रिम उजेड आणि कीटकनाशकं. तंबूंच्या व्यवसायात हे तिन्ही धोके एकाच एकरात जमतात. तंबू ओळीत लागावेत म्हणून गवत आणि झुडपं साफ करतात. मादी तिथेच बसलेली असते. रस्ता दिसावा म्हणून दिवे लावतात. पाहुण्यांना डास चावू नयेत म्हणून फवारणी करतात. यातलं कुणीही काजवे मारायला करत नाही. काजवे दाखवायलाच तर सगळी उठाठेव असते.

फोटोंचाही यात वाटा आहे, आणि त्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. जाहिरातीत जो फोटो दिसतो, झाडाखाली सोन्याचे हजारो ठिपके आणि वर आकाशगंगा, तो बहुतेक वेळा एका क्षणाचा नसतो. कॅमेरा तिकाटण्यावर ठेवून बराच वेळ काढलेले कित्येक फोटो एकावर एक चढवून तो तयार होतो. तो पाहून दीडशे-पावणेदोनशे किलोमीटर गाडी हाकत आलेल्या माणसाला झाडावर हिरवट-पिवळी लुकलुक दिसते तेव्हा त्याला वाटतं, आपण फसलो. मग तो जवळ जातो. जवळ जाताना गवत तुडवतो. नीट दिसत नाही म्हणून टॉर्च लावतो, पोरांसाठी एखादा काजवा बाटलीत धरतो. या माणसाला वाईट म्हणून चालणार नाही. त्याला कुणी सांगितलेलंच नसतं की डोळे अंधाराला सरावायला वीसेक मिनिटं लागतात आणि त्या वीस मिनिटांत एकदा जरी मोबाइल उघडला तरी पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. जाहिरातीत हेही छापणं सक्तीचं केलं तर कदाचित थोडे लोक कमी येतील. येवोत.

शेकोटीविषयी एकच म्हणणं आहे. मेअखेरीच्या उकाड्यात शेकोटी कशाला लागते, हे मला आजवर उमगलेलं नाही; पण 'बोनफायर' लिहिलेलं नसेल तर म्हणे बुकिंग होत नाही. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ३० ने अभयारण्याला धोका होईल असा विस्तव करायला मुळातच मनाई आहे. थंडीच्या दिवसांत खाचरात, लोखंडी घमेल्यात, गावातून विकत घेतलेल्या लाकडाची शेकोटी कुणी केली तर हरकत नाही. जून लागताना नको.

आता गावांकडे येते, कारण आपल्या विभागाच्या कागदपत्रांत हा भाग बहुधा 'स्थानिकांचे सहकार्य' या दोन शब्दांत आटोपतो.

शेंडी, मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, साम्रद, रतनवाडी, कोलटेंभे, मुतखेल. जलाशयाला वेढा घालणाऱ्या रस्त्यावरची ही गावं मुख्यतः महादेव कोळी आणि ठाकर समाजांची. राघोजी भांगऱ्यांचा हा मुलूख. सावकारांविरुद्ध आणि कंपनी सरकारविरुद्ध उठलेल्या राघोजींना १८४८ साली ठाण्यात फाशी दिलं गेलं. धरणाचं काम त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, १९१० साली सुरू झालं आणि १९२६ साली संपलं. म्हणजे २०२६ हे त्याचं शंभरावं वर्ष. धरणाला नाव मिळालं गव्हर्नर विल्सन यांचं. ११ टीएमसीचं हे पाणी प्रवरेतून आणि तिच्या कालव्यांतून खाली संगमनेर, राहाता, श्रीरामपूरकडे जातं. तिथल्या उसाने आणि साखर कारखान्यांनी जिल्ह्याचं राजकारण घडवलं. वर घाटघर-रतनवाडीला पाऊस वर्षाला चार-पाच हजार मिलिमीटर पडतो आणि तरी वरच्या वाड्यांतल्या बायका मे महिन्यात हंडा घेऊन झऱ्याची वाट धरतात. ज्यांच्या खाचरांवरून हे पाणी पसरलं त्यांच्या नातवंडा-पतवंडांच्या हाती त्या पाण्यातून रोख पैसा येऊ लागला तो मुख्यतः पर्यटनामुळे. तंबू, जेवण, वाटाड्या, सांदण दरीत उतरवणारी पोरं, रस्त्याकडेला करवंदं-जांभळं विकणाऱ्या म्हाताऱ्या. एका आदेशाने हे थांबवलं तर 'जंगल वाचलं' अशी बातमी शहरात छापून येईल, आणि गावातली पोरं पुन्हा नारायणगावच्या, नाशिकच्या मजूर अड्ड्यावर उभी राहतील.

ही झाडं तरी कुणी राखली? हिरडा टिकला कारण बाळहिरडा गोळा करून विकता येतो, त्यामुळे हिरड्यावर सहसा कुणी कुऱ्हाड चालवत नाही. सादड्याच्या फांद्या राबासाठी छाटतात, भाताच्या रोपांची जागा भाजायला. छाटलेलं झाड पुन्हा फुटतं. आंबा, जांभूळ, उंबर बांधावर आहेत ते सावलीसाठी, फळासाठी, कधी देवासाठी. काजवे बसतात त्या झाडांतली बरीचशी अशी माणसांच्या वापरातली, माणसांनी ठेवलेली आहेत. राब भाजताना जमिनीतल्या काही अळ्या जळत असतील, हे नाकारत नाही. पण शेतकऱ्याच्या रात्री अंधाऱ्या होत्या. गेल्या काही वर्षांत जे बदललं ते रात्रीच बदललं.

शिवाय पैशाचा ओघही तपासायला हवा. हजार-दीड हजार रुपये डोईचं पॅकेज मोबाइलवर विकलं जातं, बरेचदा शहरातूनच. गावकऱ्याच्या वाट्याला खाचराचं भाडं, भाकऱ्या थापण्याची मजुरी आणि सोमवारी सकाळी बाटल्या वेचण्याचं काम येतं. काही गावांतल्या तरुणांनी स्वतःची शिबिरं काढली आहेत आणि त्यांतली काही उत्तम चालतात: दहा-पंधरा तंबू, घरचं जेवण, दहाच्या आत सामसूम. पण शेजारचा शहरी ठेकेदार ऐंशी तंबू आणि गायक घेऊन बसला की या पोरांचं गिऱ्हाईक तुटतं, आणि पुढच्या हंगामात त्यांनाही स्पीकर भाड्याने आणावा लागतो. मर्यादा घालण्यात खरं हित या पोरांचं आहे. मर्यादा म्हणजे गावाच्या पोटावर पाय, असं जे सांगितलं जातं ते मला म्हणूनच पटत नाही. पोटावर पाय पडेल तो ऐंशी तंबूवाल्याच्या.

आणि हे सगळं करायला नवा कायदा लागत नाही. अकोले तालुक्याचा हा पश्चिम भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. १९९६ चा पेसा कायदा आहे, त्याचे राज्याचे २०१४ चे नियम आहेत, २००६ चा वनहक्क कायदा आहे. ग्रामसभेला आपल्या हद्दीतल्या साधनसंपत्तीबद्दल बोलायचा हक्क यांनी दिलेला आहे. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक लावू नये हा नियम २००० सालापासून आहे आणि तो खाचराला, धरणाला, जंगलाला सारखाच लागू आहे. अभयारण्यात कोणाला, कशासाठी आणि कोणत्या अटींवर प्रवेश द्यायचा हे ठरवायचा अधिकार आपल्या विभागाकडे १९७२ पासून आहे. कमी आहे ती या तिघांना, म्हणजे वन, जलसंपदा आणि पर्यटन यांना, एका टेबलाशी बसवणाऱ्या माणसाची. तो अधिकार आपल्याला आहे म्हणून पत्र आपल्या नावे.

नमुना हवा असेल तर साताऱ्याला कास पठार आहे. तिथे फुलांच्या हंगामात रोज तीन हजार माणसांची मर्यादा ठरवली, ऑनलाइन नोंदणी ठेवली आणि कारभार आसपासच्या गावांच्या संयुक्त वन व्यवस्थापन समित्यांकडे दिला. कासवर सगळं आलबेल आहे असं कुणी म्हणणार नाही, सुटीच्या दिवशी तिथेही वाहनांची रांग लागते. पण फुलं बघायला पैसे भरावे लागतात, वेळ ठरवून जावं लागतं आणि शिट्टी वाजवणारा माणूस गावातलाच असतो, एवढं मराठी पर्यटकाने तिथे मान्य केलं आहे. अमेरिकेत ग्रेट स्मोकी माउंटन्स या राष्ट्रीय उद्यानात काजव्यांच्या हंगामातल्या मोजक्या रात्रींसाठी गाड्यांचे परवाने चक्क सोडतीने देतात, टॉर्चला लाल कागद लावायला सांगतात आणि पायवाट सोडू देत नाहीत. त्यांचं जंगल वेगळं, तिथे मधे गावं नाहीत, त्यामुळे सगळं तसंच उचलता येणार नाही. लाल कागद उचलता येईल.

तंबूंची संख्या कशी ठरवायची यावर मात्र माझं एक ठाम मत आहे. जमीन मोजू नका, संडास मोजा. किती एकर मोकळं आहे यावर तंबू ठरवले तर काठाच्या प्रत्येक खाचरात तंबूच लागतील. किती संडास चालू स्थितीत आहेत, पाण्यापासून किती दूर आहेत, त्यांचे शोषखड्डे पावसाळ्यात भरून जलाशयात उतरतात का, हे बघा आणि त्या प्रमाणात तंबू द्या. रात्री दोन वाजता टॉर्च घेऊन आडोसा शोधायला निघालेली बाई आणि दारू पिऊन भलत्याच तंबूची चेन ओढणारे पुरुष, या दोन गोष्टी काठावरच्या शिबिरांत इतक्या नेहमीच्या आहेत की बायका त्या एकमेकींना हसत हसत सांगतात. पुरुषांनी लिहिलेल्या पर्यटन अहवालांत त्या सापडणार नाहीत. आणि जलाशयाचं पाणी खालची शहरं पितात, हे तरी अहवाल लिहिणाऱ्यांना पटावं.

पाण्यात उतरण्याचंही ठरवायला हवं. धरणाच्या काठाला समुद्रासारखा पसरट उतार नसतो. दोन पावलं गुडघाभर आणि तिसरं गळ्याइतकं, खाली गाळ. पवना काय नि दुसरी धरणं काय, सहलीला आलेली तरुण पोरं बुडाल्याच्या बातम्या दर वर्षी येतात, आणि प्रेत शोधायला शेवटी गावातलाच पोहणारा उतरतो. सूर्यास्तानंतर पाण्यात पाय नाही, हा नियम ज्या शिबिराला पाळता येत नाही त्याचा परवाना काढून घ्या.

हे सगळं एका हंगामात होणार नाही, याची कल्पना आहे. ग्रामसभा भरवायच्या, तंबूंचा आकडा ठरवायचा, त्यावर भांडणं व्हायची. पाऊस लागून जाईल. ते दिवाळीनंतरच्या हंगामासाठी ठेवा. पण यंदाच्या काजव्यांसाठी तीन गोष्टी अजूनही होऊ शकतात.

आत जायचा रस्ता मुख्यतः शेंडीचा. मेअखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंतच्या शनिवार-रविवारी सूर्यास्तानंतर बाहेरच्या गाड्या शेंडीलाच थांबवा आणि पुढे गावांतल्या जीपगाड्यांनी माणसं न्या. जीपवाला इथलाच असतो, कुठल्या वळणावर दिवे मंद करायचे हे त्याला सांगावं लागत नाही, आणि भाड्याचे पैसे गावात राहतात. घाटघर-साम्रदची जी माणसं रोज या रस्त्याने घरी जातात त्यांना यातून मोकळीक द्या. नाहीतर रात्री आजारी माणसाला राजूरला न्यायला निघालेल्या घरच्यांनाच नाक्यावर पास विचारला जाईल.

दुसरं, नाक्यावर शुल्काच्या पावतीबरोबर लाल जिलेटिन कागदाचा एक तुकडा आणि रबरबँड द्या. वह्या-पुस्तकांच्या दुकानात तो अगदी स्वस्तात मिळतो. शेंडीच्या, रतनवाडीच्या शाळेतल्या मुलांकडून सुट्टीच्या आत कापून घेता आला असता, आता बचत गटाला सांगा. पावतीच्या मागे तीन ओळी छापा: झाडाखाली जायचं नाही, काजवा धरायचा नाही, वीस मिनिटं मोबाइल खिशात.

तिसरं, काठावरच्या सगळ्या शिबिरांना, मग जमीन कुणाचीही असो, तीन विभागांच्या सहीने एकच पत्र जाऊ द्या. दहानंतर आवाज नाही, बाहेर पांढरा दिवा नाही, झाडांच्या पट्ट्यात तंबू नाही, फवारणी नाही. खाली ग्रामसभेचा शिक्का. मोडलं तर त्या हंगामापुरतं शिबिर बंद, दंड भरून सुटका नाही. ऐंशी तंबूवाल्याला दंडाची रक्कम पॅकेजमध्ये सहज धरता येते.

वनरक्षकांना या दिवसांत जास्तीची माणसं आणि रात्रपाळीचा भत्ता मिळाला तर बरं होईल. ती माणसं एरवीही वणवे, बिबटे आणि आमच्यासारख्यांचे प्रश्न यांना एकटीच तोंड देतात.

या पत्राचं उत्तर देणार असाल तर ते मला नको. शेंडीपासून मुतखेलपर्यंतच्या ग्रामसभांना पाठवा, मराठीत, आणि पंधरा मेच्या आत. मेअखेरीला मी तिथे असेनच. पत्र आलं की नाही ते त्यांच्याकडून कळेल.

कळावे,
आपली,
काठावर तंबू लावणारी एक नागरिक,
नाशिक